विठ्ठलाशी भांडणारी गंगाखेडची जनी

भजनाला पहिल्यांदाच बसलेल्या माणसाला वारकऱ्यांची एक गोष्ट दचकवते. कपाळी बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, हातात टाळ आणि तोंडी चक्क विठ्ठलाला शिव्या. त्याही साध्यासुध्या नव्हेत. त्याला ‘विठ्या’ म्हणून हाक मारायची, त्याचे मढे निघाल्याचे सांगायचे, त्याच्या बायकोला वैधव्य आल्याचे जाहीर करायचे. शेवटी हे सगळे आपण अंगणात उभे राहून बोलत आहोत, म्हणजे आळीतल्या कुणी ऐकले तरी आपल्याला फिकीर नाही, हेही सांगून टाकायचे. हा अभंग संत जनाबाईचा. पिढ्यानपिढ्या तो देवासमोर म्हटला गेला आणि तो गाथेत आजही आहे.

जनाबाई परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची. परभणीहून परळीला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे, गोदावरीच्या काठचे हे गाव. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी ओलांडून याच गावातून परळीकडे वळते. परंपरा सांगते की बाप दमा आणि आई करुंड हे विठ्ठलाचे भक्त होते. लहान वयातच जनीला पंढरपुरात दामाशेटी शिंप्यांच्या घरी ठेवण्यात आले आणि दामाशेटींच्या मुलाची, नामदेवांची, दासी म्हणून ती जन्मभर राहिली. अभंगाच्या शेवटी ती स्वतःची ओळख तशीच देते. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. तोंडी परंपरेतून आलेल्या रचनांचे जे होते ते याही अभंगांचे झाले असणार; काही तिचे, काही तिच्या नावाने दुसऱ्यांनी रचलेले. पण भांडणारा आवाज एकच आहे आणि तो ओळखू येतो.

श्रद्धेत संशयाला जागा असते का, या प्रश्नाचा शोध घ्यायला मला जुन्या परभणी जिल्ह्याइतका योग्य मुलूख दुसरा दिसत नाही. जुना अशासाठी, की १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला, आणि नामदेवांचे नर्सी व विसोबा खेचरांचे औंढा नागनाथ ही दोन्ही गावे तिकडे गेली. त्याआधी जनी, नामदेव आणि विसोबा ही तिन्ही नावे एकाच जिल्ह्याची होती.

जनीच्या भांडणाचे मूळ तिच्या कामात आहे. पहाटे दळण, मग सडा, झाडलोट, धुणी, शेणगोवऱ्या. त्यातले दळण सगळ्यात जड. जात्याची खालची तळी जागेवर पक्की असते, वरची खुंट्याला धरून फिरवायची आणि मधल्या तोंडात मुठीमुठीने ज्वारीची वैरण घालत राहायची. समोरासमोर बसून दोघींनी खुंटा धरला तर जाते हलके फिरते, ओवीही रंगते. एकटीने ओढायचे म्हटले की खांदा भरून येतो, आणि एका हाताने फिरवताना दुसऱ्याने वैरण घालायची म्हणजे लय सतत तुटते. दासीच्या समोर कोण बसणार? जनीच्या अभंगांत त्या रिकाम्या जागी विठ्ठल येऊन बसतो. तो दळतो, शेण वेचतो, पाणी भरतो, तिची वेणी घालतो. ज्याने पहाटेच्या अंधारात आपल्याबरोबर खुंटा धरला, तो एखाद्या दिवशी आला नाही तर त्याला जाब विचारण्याचा हक्क जनीला मिळालेला आहे. तिच्या शिव्यांमागे हा हक्क आहे.

म्हणून तिचा संशय देव आहे की नाही असा नाही. तू माझा आहेस का, तू शब्द पाळणार का, माझ्यासारखीची तुला खरोखर पर्वा आहे का, असा तो आहे. हा संशय पहिल्यापेक्षा जास्त दुखतो, असे मला वाटते. देव नाही असे ठरले की माणूस मोकळा होतो आणि दुसरा आधार शोधतो. देव आहे पण येत नाही, या अवस्थेत सुटका नसते. जनी ती अवस्था लपवत नाही. एका अभंगात देवाशी अगदी एकरूप झालेली ही बाई दुसऱ्यात त्याला कारटे म्हणते. गाथा वाचताना पहिली जनी खरी की दुसरी, असा प्रश्न पडतो. दोघी खऱ्या, आणि दुसरी नसती तर पहिलीवर विश्वास ठेवणे मला जड गेले असते.

जात्यावरचा हा मोकळेपणा जनीपुरता राहिला नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत देवादिकांवर माया आहे आणि त्यांची उलटतपासणीही आहे. गरोदर सीतेला वनात धाडणाऱ्या रामाची बाजू घेणे ओव्या गाणाऱ्या बायकांना जमलेले नाही. त्यांचे मन सीतेकडे आहे. रामनवमीला पाळणा म्हणणाऱ्या याच बायका. रामावरची त्यांची श्रद्धा आणि रामाने केलेल्या अन्यायाची आठवण एकाच गळ्यातून येते.

यावर एक आक्षेप नक्की येईल. संशयी माणसाचा नाश होतो असे गीतेच्या चौथ्या अध्यायात, चाळिसाव्या श्लोकात, स्पष्ट सांगितले आहे. १२९० साली ज्ञानदेवांनी त्यावर लिहिताना तर संशयाहून घोर पाप दुसरे नाही इथपर्यंत मजल मारली. जनी त्याच ज्ञानदेवांना मानणारी. मग मेळ कसा घालायचा?

मूळ श्लोक नीट पाहिला तर तिथे तीन गोष्टी एकत्र आहेत: अज्ञान, श्रद्धेचा अभाव आणि संशय. त्याच अध्यायात सहा श्लोक आधी, चौतिसाव्यात, ज्ञान मिळवायचे तर नमस्कार, सेवा आणि प्रश्न या तिन्हींची गरज असल्याचे सांगितले आहे. अर्जुन तर सगळी गीता प्रश्नच विचारतो. सहाव्या अध्यायात तो कृष्णाला म्हणतो की हा माझा संशय तुझ्याखेरीज कुणाला फेडता येणार नाही. अठराव्या अध्यायात कृष्ण त्याला सांगतो की सगळ्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला हवे ते कर. संशय गेला, असे अर्जुन त्यानंतर म्हणतो. नुकसान करतो तो मनात कुजत पडलेला, कुणाला न विचारलेला संशय. समोरच्याला उद्देशून बोललेला संशय गीतेला चालतो. तो नसता तर गीता पहिल्या अध्यायातच संपली असती.

भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाळांनी तर संशयाला रीतसर आसन दिले. न्यायदर्शनाने सोळा पदार्थ मोजले, त्यांत संशय तिसरा. प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर लगेच. वेदान्त आणि मीमांसेत एखाद्या मुद्द्याची चर्चा करायची तर आधी विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष, आणि त्यानंतर सिद्धान्त, अशी वाट आखलेली होती. संशय घेतल्यावाचून सिद्धान्तापर्यंत जाताच येत नसे. कठोपनिषदातला नचिकेता यमाकडे तिसरा वर मागतो तो एका शंकेचे उत्तर म्हणून: मेल्यावर माणूस उरतो असे काही म्हणतात, उरत नाही असे काही म्हणतात, खरे काय? यम त्याला गाईगुरे, सोने, दीर्घायुष्य देऊ करतो, पण पोरगा हटत नाही, आणि त्याच्या हट्टावर यम प्रसन्न होतो.

आता नामदेव. त्यांची गोष्ट जनीच्या उलट आहे, आणि मला ती जास्त धाडसी वाटते.

गोष्ट घडते तेरला, गोरोबाकाकांच्या घरी. संतमंडळी जमली आहेत. मुक्ताबाई गोरोबाकाकांना म्हणते, तुम्ही कुंभार, तर या मडक्यांत पक्के कोणते आणि कच्चे कोणते ते सांगा. गोरोबाकाका थापटणे उचलतात. भट्टीतून निघालेल्या मडक्यावर थापटण्याने हलकेच ठोकले की नीट भाजलेले खणखणते आणि कच्चे बद्द वाजते. तीच परीक्षा ते एकेकाच्या डोक्यावर घेत जातात. सगळे निमूट बसतात. नामदेवांची पाळी येते आणि नामदेव चिडतात. हा अपमान कशासाठी? गोरोबाकाका निकाल देतात: हे मडके कच्चे.

ज्यांच्या हातचा नैवेद्य विठ्ठलाने खाल्ला, ज्यांच्याशी तो रोज बोलतो, ते कच्चे. आजच्या भाषेत सांगायचे तर नामदेवांना संशय असा कधी शिवलाच नव्हता, आणि संतांना खटकले ते हेच. देव माझ्याशी बोलतो, मग मला आणखी काय शिकायचे? ही खात्री इतकी ताठ होती की थापटण्याची एक टकटक तिला सोसली नाही. अशी खात्री आपल्या आसपासही भरपूर दिसते. कुणी शंका विचारली की ज्याचा चेहरा लाल होतो, त्याच्या श्रद्धेत कुठेतरी ओल राहिलेली असते.

रुसलेले नामदेव पंढरीला येऊन विठ्ठलाकडे तक्रार करतात. विठ्ठल लाडक्या भक्ताची समजूत काढेल अशी आपली अपेक्षा. तो संतांची बाजू घेतो. तू कच्चाच आहेस, गुरू कर, औंढ्याला विसोबा खेचर आहेत त्यांच्याकडे जा, असे सांगतो. देव स्वतःच आपल्या भक्ताला स्वतःपासून दूर धाडतो आहे. जगातल्या धर्मकथांत असा प्रसंग फार सापडणार नाही.

औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांतले स्थान. गुजरातेतल्या द्वारकेजवळचे नागेश्वर आणि उत्तराखंडातले जागेश्वर यांच्याकडूनही हाच मान सांगितला जातो, आणि त्या वादाने औंढ्याच्या रांगेतला एकही माणूस कमी होत नाही. गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्यांनी, अंग चोरून खाली उतरावे लागते. आत जेमतेम काही माणसे मावतात आणि छत इतके खाली की ताठ उभे राहता येत नाही. त्या जागेत उतरलेल्या माणसाला पुढची कथा वाचणाऱ्यापेक्षा वेगळी दिसते. नामदेव आत येतात तर एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. अंगावर शहारा यावा असा प्रकार. नामदेव म्हणतात, पाय काढा. म्हातारा म्हणतो, मी थकलोय, तूच माझे पाय उचल आणि जिथे देव नसेल तिथे ठेव. नामदेव पाय उचलून बाजूला ठेवतात, तिथे पिंडी उमटते. आणखी सरकवतात, तिथेही पिंडी. इतक्याशा जागेत पाय ठेवायला देव नसलेली जागाच उरत नाही.

हे विसोबाही कोण? महिपतींनी १७६२ साली लिहिलेल्या भक्तविजयात ते सुरुवातीला ज्ञानदेव-मुक्ताईला छळणारे, त्यांच्या थोरवीवर विश्वास नसलेले गृहस्थ आहेत. मुक्ताईला मांडे भाजायला गावात खापरही मिळू नये अशी तजवीज ते करतात. मग ज्ञानदेवांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजलेले पाहून त्यांचे मन पालटते. म्हणजे नामदेवांना घडवायला विठ्ठलाने निवडलेला गुरू हा मुळातला अविश्वासी. महिपतींचे लेखन प्रसंगांनंतर चारशेहून अधिक वर्षांनी झालेले आहे आणि आळंदीचे विसोबा व औंढ्याचे विसोबा एकच का, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. तरी एवढे खरे, की मराठी समाजाने आपल्या सगळ्यात लाडक्या कीर्तनकाराला कच्चे म्हणणारी कथा जपली आणि तीही त्याच्याच संप्रदायाने कीर्तनातून सांगितली.

औंढ्यानंतरच्या नामदेवांचा माग उत्तरेत लागतो. पंजाबात घुमानला त्यांचे मोठे स्थान आहे आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत. त्यांतल्या एका पदात ते विचारतात की एका दगडावर भाव ठेवायचा आणि दुसऱ्यावर पाय द्यायचा, हे कसे? तो देव असेल तर हाही देवच. हे पद वाचताना पिंडीवरचे विसोबांचे पाय आठवल्यावाचून राहत नाहीत. पंढरीच्या विटेवरच्या मूर्तीशी बोलणारा मुलगा म्हातारपणी दगडाबद्दल असा प्रश्न विचारतो, आणि तरीही त्याचा विठ्ठल सुटलेला नसतो. शिखांच्या धर्मग्रंथातही नामदेव ते नाव घेतात.

जगात इतरत्र या गोष्टी कशा झाल्या, ते थोडे पाहू. बायबलच्या जुन्या करारात ईयोबाची कथा आहे. भला माणूस; त्याची गुरेढोरे, मुलेबाळे, प्रकृती, सगळे जाते. मित्र त्याला समजावतात की देव न्यायी आहे, तुझेच काहीतरी चुकले असेल. ईयोब ऐकत नाही, देवाला जाब विचारतो. शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो: तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत, ईयोब बोलला. देवाची वकिली करणारे हरले आणि देवावर फिर्याद करणारा जिंकला. अगदी अलीकडे, २००७ साली, मदर तेरेसांची खासगी पत्रे पुस्तकरूपाने आली, त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी. देवाची जवळीक आपल्याला जाणवत नाही, आत सगळा काळोख आहे, असे त्या आपल्या धर्मगुरूंना वर्षानुवर्षे लिहीत होत्या. ही पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. पुस्तक आल्यावर जगभर खळबळ उडाली.

ही खळबळ मला अस्वस्थ करते. कोलकात्याच्या रस्त्यांवर मरणाऱ्यांची सेवा करणाऱ्या बाईला अर्धशतक ज्या वेदनेने पोखरले, ती बोलायला तिच्यापाशी बंद पाकिटाखेरीज जागा नव्हती. जनी अंगणात उभी राहून ओरडू शकली. तुकोबांनी १६३० च्या दुष्काळात बायको अन्नावाचून गेलेली पाहिली. पुढे एका अभंगात देव आपल्यापुरता मेला असे म्हणून टाकले, आणि तो अभंगही गाथेत राहिला. आपल्याकडे दिंडीत हा काळोख टाळ वाजवून गाता येतो. परभणीसारख्या पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्या, कापूस आणि सोयाबीन ऐन वेळी हातचे जाताना पाहणाऱ्या जिल्ह्यात ही सोय फार मोलाची आहे. पेरणी वाया गेलेला माणूस आषाढीला पंढरपूरला जातो तेव्हा तो फक्त कृतज्ञता घेऊन जात नाही.

याच जिल्ह्यातल्या पाथरीची गोष्ट थोडी वेगळ्या जातीची. शिर्डीच्या साईबाबांचा जन्म पाथरीचा, असे पाथरीकर मानतात. जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारने पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींचा मनोदय जाहीर केला तेव्हा शिर्डीने बंद पाळला. साईभक्तांची पोथी, साईसच्चरित, बाबांचे आईबाप आणि जन्मगाव कुणालाच ठाऊक नसल्याचे सांगते. जन्मस्थळाचा हा वाद इतिहासकारांचा. तिथे संशय घेणे हे त्यांचे कामच आहे, आणि त्याने ‘श्रद्धा’ आणि ‘सबुरी’ या बाबांच्या दोन शब्दांना बाधा येत नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पोथी लिहिणारा माणूस. गोविंद रघुनाथ दाभोळकर, म्हणजे हेमाडपंत, सरकारी नोकरीतले, कायदा जाणणारे गृहस्थ. शिर्डीला चला असा आग्रह त्यांना होत होता आणि ते चालढकल करत होते. का, ते त्यांनी दुसऱ्या अध्यायात स्वतःच लिहिले आहे. त्यांच्या एका मित्राचा मुलगा लोणावळ्याला आजारी पडला. सगळे उपाय झाले. शेवटी गुरूला मुलाच्या उशाशी बसवले, तरी मुलगा गेला. मग गुरूचा उपयोग काय, असा प्रश्न हेमाडपंतांना पडला. १९१० साली ते अखेर शिर्डीला पोचले, तेव्हा पहिल्याच दिवशी वाड्यात त्यांचा वाद जुंपला, तोही गुरू हवा कशाला याच मुद्द्यावर. आज घरोघरी ज्या पोथीचे सप्ताह होतात, तिच्या दारातच एका मेलेल्या मुलाबद्दलचा प्रश्न उभा आहे. हेमाडपंत तो गाळू शकले असते.

तो प्रश्न विचारायला लोक आजही घाबरतात. उशाशी बसलेल्या बाबाने पैसे घेतले, मुलगा गेला, आणि घरच्यांनी आपलीच श्रद्धा कमी पडली म्हणून स्वतःला दोष दिला, असे मराठवाड्यात पुष्कळदा घडते. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर लोकांना एवढेच सांगितले की हा प्रश्न विचारा. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा राज्यात आला. देवाशी भांडता येणाऱ्या या प्रदेशात देवाच्या नावावर दुकान मांडणाऱ्याशी भांडायला मात्र कायदा लागला.

राहिली एक गोष्ट, आणि ती सोपी नाही. इथवरच्या सगळ्या भांडणांत माणूस शेवटी देवाकडे परत येतो. सगळ्यांचे तसे होत नाही, आणि व्हावे असे म्हणण्याचा आपल्याला अधिकारही नाही. जनीच्याच काळात चोखोबांना विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकायची बंदी होती. त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न केला: देह विटाळाचा असेल तर त्यातून सुटलेला देह कुणाचा? त्यांचा मुलगा कर्ममेळा त्याहून पुढे गेला. आम्हाला हीन जातीत घालायचे आणि उष्टे खायला लावायचे, याची तुला लाज कशी वाटत नाही, हे तो विठ्ठलाला तोंडावर विचारतो. चोखोबांच्या अभंगांत वेदनेवर शेवटी प्रेमाची फुंकर असते. कर्ममेळ्याच्या या अभंगात ती नाही. प्रश्न विचारून तो थांबतो.

सहा शतकांनंतर, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो अनुयायांसह बुद्धाचा धम्म स्वीकारला. कुणी सांगितले, ग्रंथात आहे किंवा परंपरेने आले एवढ्यावरून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे त्या बुद्धाने कालामांना सांगितले होते. परभणी जिल्ह्यातली हजारो घरे त्या मार्गाने गेली. त्यांच्या दृष्टीने कर्ममेळ्याचा प्रश्न परत येण्याचा नव्हताच, बाहेर पडण्याचा होता. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरचे आपले पुस्तक तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केले: नंदनार, रविदास आणि चोखामेळा.